घोट्याच्या दुखापतीनंतर पुन्हा लीड: पायाची तयारी, बिले आणि पडण्याचा सराव

लीड करताना (दोर खालून नेत तो वाटेतल्या बोल्टना जोडत चढताना) पडून घोटा मुरगळलेले किंवा मोडलेले बहुतेक प्रस्तरारोहक परत येताना एकच वाट धरतात. प्लास्टर निघाले आणि चालता येऊ लागले की भिंतीवर जायचे, आठवडाभर टॉप रोपवर (दोर वरून आलेला असताना) हात मोकळे करायचे आणि मग जुन्याच काठिण्यश्रेणीच्या मार्गावर लीडला उभे राहायचे. तिसऱ्या बोल्टच्या (भिंतीत रोवलेल्या खिळ्याच्या) वर गेल्यावर बोटे होल्डवर (पकडीवर) नको तितकी आवळली जातात, पाय शिलाई मशीनसारखा थरथरू लागतो, खालून मित्र "चल, जमतंय" म्हणून ओरडतात, आणि शेवटी आरोहक क्विकड्रॉ (बोल्ट आणि दोर जोडणारी, दोन कड्यांची पट्टी) धरून लटकतो किंवा नको तिथे, नको तसा पडतो. यात चुकतो तो क्रम. घोटा बरा होणे आणि पडण्याची भीती उतरणे ही दोन वेगळी कामे आहेत व दोन्हींचा वेग वेगळा असतो. म्हणून ज्या दिवशी एकाची पायरी वाढवायची, त्या दिवशी दुसऱ्याची वाढवायची नाही. हा नियम पुढच्या प्रत्येक टप्प्याला लागू आहे.

हे टप्पे घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट दुखावलेल्या किंवा घोट्याचे साधे फ्रॅक्चर भरून आलेल्या प्रौढ आरोहकासाठी आहेत. टाचेचे हाड, मणका किंवा डोके यांना इजा झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांचेच वेळापत्रक पाळावे. उंचावरून टाचेवर आदळलेल्या माणसाच्या कमरेच्या मणक्यालाही इजा झालेली असू शकते, त्यामुळे टाच मोडली असेल आणि पाठही दुखत असेल तर ती आधी तपासून घ्यावी.

## टप्पा १ : परवानगी नेमकी कशाची, हे विचारून घ्यावे

"आता हरकत नाही" हे डॉक्टरांचे वाक्य बहुधा चालण्याबद्दल असते, आणि आरोहक ते लीडबद्दल आहे असे समजून घरी येतो. प्रस्तरारोहण म्हणजे काय हे डॉक्टरांना माहीत असेलच असे गृहीत धरू नये. त्यांना स्पष्ट सांगावे की या खेळात घट्ट बुटात पंजावर उभे राहावे लागते, पाय वळवून भार द्यावा लागतो आणि दोरावर पडताना दोन्ही तळपाय भिंतीवर आदळतात. मग तीन प्रश्न विचारावेत: हाड एक्स-रेमध्ये पूर्ण भरलेले दिसते का, पंजावर पूर्ण भार कधीपासून देता येईल, आणि आदळण्याचा धक्का कधीपासून चालेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन उत्तरांच्या बरेच नंतरचे असते. साध्या फ्रॅक्चरचे हाड साधारण सहा आठवड्यांत जुळू लागते, पण लिगामेंटची नवी ऊती मजबूत होण्याचे काम पुढे कित्येक महिने चालू राहते.

सावधान : "नुसता मुरगळलाय" असे सांगितलेला घोटा सहा आठवड्यांनंतरही आत खोलवर दुखत असेल, अडकल्यासारखा वाटत असेल किंवा प्रत्येक चालीनंतर सुजत असेल, तर पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. घोट्याच्या आतल्या टालस या हाडाची आणि त्यावरील कूर्चेची इजा साध्या एक्स-रेत निसटू शकते. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो.

## टप्पा २ : घोट्याच्या कसोट्या जमिनीवरच पार कराव्यात

येथे दुखऱ्या पायाची तुलना नेहमी स्वतःच्याच चांगल्या पायाशी करावी.

पहिली कसोटी वाकण्याची. भिंतीसमोर अनवाणी उभे राहावे, पायाचा अंगठा भिंतीपासून काही अंतरावर ठेवावा आणि टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा. अंतर हळूहळू वाढवत जावे व टाच उचलली जाण्याआधीचे शेवटचे अंतर पट्टीने मोजावे. दोन पायांतील फरक दोन सेंटिमीटरच्या आत आलेला असावा. येथे लोक नकळत एक लबाडी करतात: गुडघा आतल्या बाजूला ढकलून आणि तळपायाची कमान दाबून सेंटिमीटर वाढवून घेतात. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच पुढे गेला पाहिजे. हे वाकणे परत आले नसेल, तर भिंतीवर आदळताना घोटा धक्का पचवू शकत नाही आणि तो सगळा धक्का सांध्याच्या पुढच्या कडेवर येतो.

दुसरी कसोटी ताकदीची. एका पायावर उभे राहून, भिंतीला फक्त बोटांचा आधार घेऊन, टाच पूर्ण उंच उचलावी आणि सावकाश खाली आणावी. चांगल्या पायाइतक्या, किमान वीस उचल झाल्या पाहिजेत. शेवटच्या पाच उचलींची उंची पहिल्या पाचांइतकीच असली, तरच त्या मोजाव्यात.

तिसरी तोलाची: एका पायावर, डोळे मिटून, दोन्ही बाजूंना सारखा वेळ. चौथी धक्क्याची: एका पायावर पुढे लंगडी मारून त्याच पायावर स्थिर उतरणे. दुखऱ्या पायाचे अंतर चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या पुढे जाईपर्यंत लीडवरील फॉलचा (दोरावर पडण्याचा) विचार करू नये. टॉप रोपसाठी मात्र पहिल्या तीन कसोट्या पुरतात.

तपासणी : त्या क्षणी दुखले नाही म्हणजे जमले, असे नव्हे. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावरची पहिली दहा पावले आदल्या सकाळपेक्षा जड गेली किंवा घोट्याभोवती सूज दिसली, तर एक पायरी खाली उतरावे.

## टप्पा ३ : मधल्या काळात बोटांना आवरावे

पाय प्लास्टरमध्ये असताना हात रिकामे असतात, आणि उत्साही आरोहक ती सगळी ऊर्जा हँगबोर्डवर (बोटांनी लटकण्याच्या फळीवर) काढतो. काही महिन्यांच्या खंडानंतर स्नायू लवकर परततात, पण बोटांतील कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे मागे राहतात. त्यामुळे घोटा बरा झाल्याच्या आठवड्यातच बोट गेलेले लोक दिसतात. मोठ्या कडेवर, बोटे पूर्ण दुमडून न आवळता, मोजके लटकणे पुरेसे आहे. पाय अजिबात न लावता केलेले कॅम्पसिंग या काळात वर्ज्य समजावे.

## टप्पा ४ : झालेला फॉल कागदावर मांडावा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढे भीतीशी झगडताना ती कशाची आहे हेच त्यांना ठाऊक नसते. अपघाताच्या वेळी जो बिलेला (खालून दोर सांभाळायला) होता, त्याच्यासोबत शांतपणे बसून पाच गोष्टी लिहून काढाव्यात: शेवटचा क्लिप (बोल्टला दोर अडकवलेली जागा) कुठे होता, दोर किती ढिला होता, दोर पायाच्या कुठल्या बाजूला होता, खाली कातळाची पायरी होती का, आणि पाय कशावर आपटला. आरोप-प्रत्यारोप टाळावेत, पण उत्तरे मोघम ठेवू नयेत.

या नोंदीतून भीतीचे दोन भाग सुटे होतात. "दोर पोटरीमागे अडकला आणि मी उलटा झालो" या अनुभवातून आलेली, दोर पायामागे जाऊ नये याबद्दलची भीती कामाची आहे. ती घालवायची नाही, तिचे सवयीत रूपांतर करायचे. उलट, चांगल्या बोल्टवर, स्वच्छ ओव्हरहँगवर (पुढे झुकलेल्या भिंतीवर), क्लिप कमरेशी असताना येणारी भीती शरीराची जुनी आठवण असते. सराव करायचा तो हिच्यासाठी. प्रत्येक प्रसंगाला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. टॉप रोपवर बसणे दोन, क्लिप गुडघ्याशी असताना सुटणे सात, अशी स्वतःची यादी तयार झाली की पुढच्या टप्प्यांचा क्रम तीच ठरवते.

सावधान : अपघाताला महिना उलटून गेल्यावरही तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, झोप मोडत असेल किंवा दोर-हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) पाहूनही छाती धडधडत असेल, तर भिंतीवरचा सराव थांबवून मानसोपचारतज्ज्ञ अथवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांची भेट घ्यावी. मित्रांच्या धीर देण्याने हे सुटत नाही.

## टप्पा ५ : जमिनीलगत आणि मग टॉप रोपवर

सुरुवात जमिनीपासून हातभर उंचीवर, आडव्या ट्रॅव्हर्सने करावी. जुने घट्ट बूट बाजूला ठेवून अर्धा-एक माप मोठे बूट घ्यावेत, कारण घट्ट बुटात पाऊल खाली आणि आत वळलेल्या अवस्थेत बांधले जाते, आणि बाहेरचे लिगामेंट नेमके त्याच अवस्थेत दुखावते. प्रत्येक पाय ठेवताना तो होल्डवर टेकल्यावर हलवायचा नाही, अशी अट स्वतःला घालावी. खंडानंतर पाय खरडत ठेवण्याची सवय लागलेली असते, आणि पायावर विश्वास नसला की सगळा भार हातांवर येतो. हील हुक (टाच होल्डवर अडकवणे) आणि गुडघा आत वळवून केलेले ड्रॉप नी या टप्प्यात टाळावेत.

टॉप रोपवर गेल्यावर चढण्याइतकेच उतरण्यालाही महत्त्व द्यावे. अर्धा मार्ग चढून तोच होल्ड-होल्ड उतरून यावा. लीडवर अडल्यावर दोन होल्ड खाली येऊन विसावता येणे हा फार मोठा दिलासा असतो, आणि तो आधी कमवावा लागतो.

नेहमीची चूक : हात थोडे भरून आले की "टेक" (दोर घट्ट धर) म्हणून लटकणे. प्रत्येक अकारण "टेक"ने भीतीला पटते की सुटका फक्त घट्ट दोरातच आहे. त्याऐवजी लांब श्वास सोडावा, एक होल्ड खाली यावे, हात झटकावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर खुशाल लटकावे.

## टप्पा ६ : बिलेअर निवडावा आणि त्याचाही सराव घ्यावा

लीडवरील घोट्याच्या दुखापतींमागे उंचीपेक्षा कडक झेल हे कारण अनेकदा असते. दोर ताणला जाताच बिलेअर जागेवर रोवून उभा राहिला किंवा मागे सरकला, तर आरोहकाचे खाली जाणे एकदम थांबते व तो लंबकासारखा भिंतीकडे खेचला जातो. तळपाय भिंतीवर जोरात आपटतात आणि आरोहकाला वाटते की आपण फार पडलो. प्रत्यक्षात तो फार कमी पडलेला असतो. मऊ झेल देणारा बिलेअर गुडघे किंचित वाकवून उभा असतो आणि दोर ताणला जाण्याच्या क्षणी वरच्या ओढीबरोबर हलकी उडी घेतो. बिलेअर आरोहकापेक्षा बराच जड असेल, तर हे त्याला जाणीवपूर्वक करावे लागते. बराच हलका असेल, तर तो आपोआप उचलला जातो, आणि तेव्हा तो पहिल्या क्विकड्रॉला जाऊन आपटणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

आरोहकाच्या जागी सँडबॅग लटकवून बिलेअरकडून आधी दहा-बारा झेल करून घ्यावेत. टायरला दोर बांधून हा सराव केला तरी चालतो. ज्याला या सरावाचा कंटाळा येतो किंवा जो बिले देताना गप्पा मारतो, तो माणूस कितीही जिवलग असला तरी या काळात त्याच्याकडे दोर देऊ नये. ग्रीग्रीसारखे मदतीने लॉक होणारे साधन वापरले तरी खालच्या दोरावरील हात कधीही सुटता कामा नये.

तपासणी : निघण्यापूर्वी एकमेकांची गाठ, हार्नेसचे बकल, बिलेच्या साधनात दोर कुठल्या बाजूने गेला आहे आणि कॅराबिनरचा (जोडणाऱ्या कडीचा) स्क्रू हे हाताने चाचपून पाहावे. हेल्मेट घालावे. दोर डायनॅमिकच (ताणला जाणाराच) असावा. रॅपलिंगसाठी किंवा फिक्स रोप लावण्यासाठी आणलेला स्टॅटिक दोर जवळजवळ ताणला जात नाही, त्यावर ढिलाई ठेवून पडण्याचा सराव करणे धोकादायक आहे.

## टप्पा ७ : पडण्याचा सराव

हा सराव फक्त कृत्रिम भिंतीवर, किंचित पुढे झुकलेल्या आणि खाली काहीही बाहेर न आलेल्या भागात करावा. उताराच्या स्लॅबवर पडताना शरीर घासत, ठेचकाळत खाली येते, म्हणून स्लॅब सोपा वाटला तरी सरावाला वाईट.

आधी उंचीचा हिशेब मांडावा. समजा शेवटचा क्लिप दहा मीटरवर आहे आणि आरोहकाच्या हार्नेसची गाठ त्याच्या एक मीटर वर, म्हणजे अकरा मीटरवर आहे. तो आधी दोन मीटर पडेल. त्यात ढिल्या दोराचा एक मीटर आणि दोराचा ताण व बिलेअरचे वर जाणे मिळून दीड मीटर धरला, तर एकूण साडेचार मीटर होतात. गाठ साडेसहा मीटरवर थांबते, पाय साडेपाचच्या आसपास, आणि खाली भरपूर जागा उरते. आता हाच फॉल चार मीटरवरच्या दुसऱ्या बोल्टवर घेतला असे समजा. गाठ पाच मीटरवरून साडेचार मीटर खाली येईल, म्हणजे पाय त्याआधीच जमिनीवर आदळलेले असतील. म्हणूनच सराव किमान पाचव्या बोल्टच्या वर सुरू करावा, आणि खालच्या दोन-तीन बोल्टपर्यंत पडायचेच नाही अशा सोप्या मार्गांवर चढावे.

पायऱ्या अशा :

1. टॉप रोपवर, दोर घट्ट असताना हात सोडून बसणे.
2. टॉप रोपवर, हातभर ढिला दोर ठेवून सुटणे.
3. लीडवर, क्लिप छातीशी असताना सुटणे.
4. क्लिप हार्नेसच्या गाठीशी असताना सुटणे.
5. क्लिप गुडघ्याशी असताना सुटणे.
6. क्लिप पावलांच्या जरासा खाली असताना सुटणे.
7. पुढच्या होल्डकडे हात टाकताना, न सांगता सुटणे.

एका सत्रात एकच पायरी घ्यावी, आणि तीही अंग गरम झाल्यावर पण दमण्याआधी. प्रत्येक फॉलनंतर भीतीचे गुण मोठ्याने सांगावेत. पाच-सहा फॉलमध्ये ते सातावरून तीनाच्या आसपास आले, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी पहिल्याच फॉलला चाराच्या वर गेले नाहीत, की पुढची पायरी. गुण उतरतच नसतील तर त्याच पायरीवर झुंजण्यापेक्षा एक पायरी खाली उतरून सत्र संपवावे. "एकदाच मोठा फॉल घे, भीती निघून जाईल" हा सल्ला भिंतीवर सर्रास ऐकू येतो. काहींना तो लागूही पडतो, पण आधीच जखमी झालेल्या माणसाच्या बाबतीत तो जुन्या आठवणीवर नवी आठवण चढवतो, म्हणून माझ्या मते तो देऊच नये.

पडताना करायचे ते थोडेच आहे. श्वास सोडावा, खाली पाहावे, पाय खांद्याइतके फाकवून व गुडघे वाकवून भिंतीच्या दिशेने ठेवावेत, हात समोर मोकळे असू द्यावेत. दोर, क्विकड्रॉ किंवा होल्ड पकडू नये. भिंतीला मागे रेटून उडी मारू नये, कारण जितके बाहेर जाल तितक्याच जोराने परत याल. नुसते सुटावे.

नेहमीची चूक : प्रत्येक वेळी "पडतोय" असे ओरडून पडणे. पहिल्या चार पायऱ्यांपर्यंत ते योग्य आहे, पण पुढे तसे केल्याने आरोहक आणि बिलेअर दोघेही फक्त सूचना देऊन आलेल्या फॉलला तयार होतात, आणि खरा फॉल सूचना देऊन येत नाही. शेवटच्या पायरीवर बिलेअरला इतकेच ठाऊक असावे की या चढाईत कधीतरी फॉल येणार आहे.

सलग फॉल घेताना मधे काही मिनिटे दोराला विसावा द्यावा, आणि गाठ सोडून पुन्हा मारावी.

## टप्पा ८ : लीड, जुन्या श्रेणीच्या बरेच खाली

लीडचा पहिला मार्ग असा निवडावा की तो चढताना विचार करावा लागू नये. जुन्या श्रेणीपेक्षा दोन पूर्ण श्रेणी खाली उतरायला लाज वाटत असेल, तर लोक येण्याआधी सकाळी भिंतीवर जावे. हे उपहासाने म्हणत नाही. बघ्यांची संख्या कमी असण्याचा खरोखर उपयोग होतो. या टप्प्यात लक्ष तीनच गोष्टींवर ठेवावे: क्लिप करताना पाय स्थिर आहेत का, दोर पायामागे जात नाही ना, आणि डोक्यावरच्या उंचीवर ओढून क्लिप करण्याऐवजी एक चाल वर जाऊन कमरेशी क्लिप करता येतो का. घाबरलेला आरोहक हात ताणून वरचा क्लिप गाठायला पाहतो, आणि त्यासाठी हातभर दोर ओढून घेतलेला असतानाच सुटला तर सगळ्यात लांब फॉल बसतो.

श्रेणी वाढवायची तो दिवस फॉलच्या सरावाचा नसावा.

## टप्पा ९ : कातळ, आणि त्याआधी घसारा

सह्याद्रीत परत जाणाऱ्याचे सगळे लक्ष सुळक्यावर असते आणि घोटा मुरगळतो तो उतरताना, पाठीवर दोर-हार्डवेअरची सॅक घेऊन घसाऱ्यावरून येताना. म्हणून आधी चालीची परीक्षा घ्यावी. पुण्याच्या आरोहकांना आतकरवाडीची वाट सोयीची आहे: सॅक घेऊन सिंहगड चढावा आणि त्याच वाटेने चालतच उतरावे. उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात पाऊल बाहेर कलंडत असेल, तर तेलबैलाच्या कातळभिंतीचा किंवा लिंगाण्याच्या सुळक्याचा बेत पुढे ढकलावा. चालताना घोट्याला आधार देणारे बूट किंवा फिजिओथेरपिस्टने दाखवलेले टेपिंग वापरायला संकोच करू नये.

भिंतीवर कमावलेली पडण्याची तयारी सह्याद्रीच्या बेसॉल्टवर जशीच्या तशी वापरू नये. हा कातळ थरांचा आहे, मधे गवताच्या पायऱ्या आहेत, होल्ड हातात सुटून येतात आणि जुन्या मेखांवर भरवसा ठेवता येत नाही. येथे अनेक ठिकाणी दोर थांबवण्याआधी पायरी थांबवते. म्हणून पहिले काही दौरे सेकंड म्हणून (लीड करणाऱ्याच्या मागून), वरून बिले घेऊन करावेत. नैसर्गिक कातळावर लीडची पुनर्सुरुवात करायची असेल, तर बदामीच्या वालुकाश्मावरील बोल्ट मारलेले सरळसोट मार्ग त्या मानाने स्वच्छ आहेत, पण तेथेही पहिल्या बोल्टची उंची खालून नीट पाहावी.

तपासणी : प्रत्येक बोल्टवर स्वतःला विचारावे, "आत्ता सुटलो तर पाय कशावर येतील?" उत्तर "हवेत" असेल तर चढावे. "पायरीवर" असेल तर ती चाल पूर्ण खात्रीची असेल तरच करावी, नाहीतर उतरून यावे. येथे वाटणारी भीती टप्पा चारमधल्या पहिल्या प्रकारची, म्हणजे कामाची आहे.

## टप्पा १० : बोल्डरिंग सगळ्यात शेवटी

दोर नाही, उंची कमी, म्हणून बोल्डरिंग सोपे असे समजून पुष्कळ जण परतीची सुरुवातच त्यातून करतात. घोट्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे, कारण बोल्डरिंगमधला प्रत्येक फॉल जमिनीवरचा असतो. लंगडीची कसोटी पूर्ण झाल्यावर आधी खुर्चीच्या उंचीवरून, मग कमरेच्या उंचीवरून मॅटवर उतरण्याचा सराव करावा: दोन्ही पाय एकदम टेकवावेत, गुडघे वाकवून खाली बसत पाठीवर गोल लोळावे, हात छातीशी घ्यावेत, मागे टेकवू नयेत. दोन मॅटमधली फट आणि मॅटची कड आधी पायाने चाचपून पाहावी. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक प्रॉब्लेम (बोल्डरिंगचा छोटा मार्ग) वरून उडी न मारता उतरून संपवावा.

## भीती मधेच परत आली तर

ती परत येतेच: नवी भिंत, नवा बिलेअर, पावसाळ्याचा खंड किंवा शेजारच्या दोरावरचा कुणाचा तरी फॉल एवढे कारण पुरते. अशा दिवशी पहिल्या पायरीपासून सगळे पुन्हा करण्याची गरज नसते. शेवटी जी पायरी सहज जमली होती, तिच्या दोन पायऱ्या खालून सुरुवात करावी. बहुधा एकाच सत्रात पूर्वीच्या जागी परत येता येते. मात्र भीतीबरोबर घोटाही दुखत असेल, तर त्या दिवशी भिंत सोडून टप्पा दोनच्या कसोट्या घ्याव्यात. कित्येकदा पाय मागे पडलेला असतो आणि मनाला ते आधी कळलेले असते.